एकसारखे बेचाळीस

“यातला तुमच्या स्वतःच्या वापराचा कोणता?” पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न अवघड नव्हता. साहेबांचा आवाजही चढलेला नव्हता. अर्जावरचा एक रिकामा रकाना भरून घ्यावा इतक्या सहजपणे त्यांनी तो विचारला होता. धर्मराजच्या झेरॉक्सच्या दुकानात, कागदाच्या रिमाला टेकवून, माझा मोबाइल उभा केलेला होता. त्यात मोठ्या चौकोनात मुंबईच्या विमानतळावरचे कस्टमचे ते साहेब, आणि खालच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा मी. बाहेर वडवणीचा आठवडी बाजार भरला होता. लसणाचा, ओल्या गोणपाटाचा, एसटीच्या धुराचा वास दारातून आत येत होता आणि झेरॉक्सच्या यंत्राच्या कोमट वासात मिसळून विरत होता. मी साहेबांकडे न बघता त्या तिकिटातल्या माणसाकडे बघत राहिलो. त्याचे ओठ किंचित उघडे होते. तो काहीतरी बोलणार असल्यासारखा दिसत होता, आणि तो काय बोलतो ते ऐकायला मीही थांबलो होतो.

“आवाज येतोय का?” साहेबांनी विचारलं.

येत होता. वर्षभरापूर्वी मायच्या ऊसतोडीच्या टोळीच्या बंकट मुकादमानंही हेच विचारलं होतं. मी तेव्हा शारजाच्या गोदामात दोन मांडण्यांच्या मधल्या बोळकांडीत उभा होतो, आणि मुकादम आमच्या गावच्या स्मशानात माझ्यासाठी मोबाइल धरून उभा होता. माय रानात कापूस वेचता वेचता खाली बसली ती उठलीच नव्हती. अंबाजोगाईला नेईपर्यंत तिची एक बाजू गेली होती आणि तिसऱ्या दिवशी दुसरीही. तिकीट मिळालं असतं. मागितलं असतं तर रजाही मिळाली असती. मी मागितली नाही, आणि का मागितली नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही. “आवाज येतोय का रं? दिसतंय का?” मुकादम ओरडत होता. तो मोबाइल इकडून तिकडे फिरवत असल्यामुळे चिता, आभाळ, कुणाच्या तरी चपला, पुन्हा आभाळ असं सगळं पडद्यावरून वाहत होतं. मग चित्र गोठलं. मध्यभागी एक पांढरं वर्तुळ फिरू लागलं. ते वर्तुळ मी बराच वेळ पाहिलं, मोबाइल खिशात टाकला आणि त्या दिवसाची उरलेली खोकी मोजली. मोजणीत एकही चूक निघाली नाही.

तेव्हापासून असं आहे. पाय खाली दबून राहावा, मुंग्या येण्याच्याही पलीकडे जावा, आणि आपण त्यावर हात ठेवला तर हाताला पाय लागावा पण पायाला हात लागू नये, तसं. रडू येत नाही याचं वाईट वाटायला हवं, तेही वाटत नाही. एके काळी अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठी घेऊन एम.ए. करताना मी कवितांनी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. त्यांत दुःख हा शब्द पानापानावर होता. आता तो शब्द एखाद्या परक्या गावाच्या पाटीसारखा दिसतो. बस थांबते, आपल्याला तिथं उतरायचं नसतं, बस निघते.

नऊ वर्षांनी, तीन आठवड्यांपूर्वी, मी कायमचा परत आलो. सोबत दोन खोकी होती आणि त्यांत बेचाळीस थर्मास: एक लिटरचे, गडद निळे, एकाच कंपनीचे. विमानतळावर ती खोकी उघडली गेली. एका तरुण अधिकाऱ्यानं थर्मास टेबलावर ओळीनं मांडले. मीही गोदामात तसेच मांडले असते. “दुकान आहे का तुमचं?” त्यानं विचारलं. नाही म्हणालो. “मग इतके कुणाला लागतात?” आईच्या वर्षश्राद्धाला वाटायचे आहेत, असं मी सांगितलं. मी आई म्हणालो. मायला मी जन्मात कधी आई म्हटलं नव्हतं. त्या शब्दानं माझंच बोलणं मला खोटं वाटू लागलं असावं, कारण त्यानं माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पावतीवर लिहिलं: व्यापारी प्रमाण, वैयक्तिक वापराचे दिसत नाही. थर्मास तिथंच राहिले, मी गावी आलो. आज सुनावणी होती. आमच्या भागात वर्षश्राद्धाला गेलेल्याच्या नावानं भावकीत एकेक भांडं देतात, आणि ते सहा दिवसांवर आलं होतं. मायला रक्ताची भावकी उरलेली नव्हती. तिची भावकी म्हणजे ऊसतोडीची टोळी. दिवाळी झाली की टोळी ट्रकांत बसून कारखान्याकडे निघून जाणार होती. तोवर खोकी सुटली नाहीत तर मायच्या नावाचं भांडं कुणाच्याही हातात पडणार नव्हतं.

“तुम्ही पाठवलेली यादी माझ्यासमोर आहे,” साहेब म्हणाले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “छत्तीस नावांपुढे पूर्ण लिहिलंय. पाच नावांपुढे अर्धा. हे अर्धा म्हणजे काय?”

मी सांगितलं. आमच्याकडे टोळीत माणसं माणसांनी मोजत नाहीत, कोयत्यांनी मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते. नवरा मेलेली बाई, बायको नसलेला गडी, असा एकटा जीव म्हणजे अर्धा कोयता. काम अर्धं, आगाऊ पैशांची उचल अर्धी, ट्रकमधली जागा अर्धी. साहेब ऐकत होते. अशा गोष्टी ऐकताना शहरातल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी सभ्य कणव येते ती त्यांच्याही चेहऱ्यावर आली आणि गेली.

“आणि बेचाळिसावं नाव? रुक्मिणीबाई?”

“माझी आई.”

“त्यांच्याच मृत्यूचा दाखला तुम्ही जोडलाय.” त्यांनी कागद उलटला. “म्हणजे एक नग मयताच्या नावे?”

दाराजवळच्या स्टुलावर बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन छबुमावशी बसली होती. मायच्या टोळीतली, तीही अर्धा कोयता. बाजाराला आलेच हाय तर बसते, म्हणून ती माझ्यासोबत आत आली होती. नाव कानावर पडताच तिनं मान वर केली. गल्ल्यामागून धर्मराज पुटपुटला. शाळेपासूनचा सोबती, त्याला राहवत नाही. “बे, लोकं दुबईहून सोनं आन्तेत. तू थर्मास आनला, अन् तेबी धरून बसले. तुझ्यासारखा करंटा पाह्यला न्हाई बे मी.” मावशी त्याच्यावर डाफरली, “गप की रं! सायेब ऐकाय लागलाय.”

थर्मासच का, हे साहेबांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं. टोळी उजाडायच्या आधी उसाच्या फडात उतरते. माय प्लास्टिकच्या बाटलीत चहा ओतून, बाटलीला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून नेई, आणि पहिली मोळी बांधून होईतो तो गार होई. शारजाला गेल्यावर पहिल्याच वर्षी मी फोनवर म्हणालो होतो, माय, तुला थर्मास आणतो. ती हसली होती. “आन की. पर समदी टोळी गार पिणार, अन् मी एकटीच गरम पिऊ व्हय? घशाखाली उतरंल का ते?” मला ते उत्तर सोयीचं वाटलं. एकीला आणता येत नाही आणि सगळ्यांना आणणं परवडत नाही, म्हणून मी आठ वर्षं काहीच आणलं नाही. ती गेल्यावर मात्र मी मुकादमाकडून यादी मागवली. दुकानदारानं नमुन्याच्या थर्मासात उकळतं पाणी ओतलं, झाकण फिरवलं आणि तो माझ्या हातात दिला. आत उकळतं पाणी, आणि तळहाताला काहीच नाही. मला ते ओळखीचं वाटलं. मी बेचाळीस बांधायला सांगितले. त्याच्याकडे लाल होते, हिरवे होते, फुलांचे होते. अर्धा लिटरचे स्वस्त होते. मी म्हणालो, सगळे हेच. एकाच रंगाचे, एकाच मापाचे.

कारण मला ताडपत्री आठवत होती. बाप गेला त्या वर्षी मी अकरा वर्षांचा होतो आणि कृष्णाकाठच्या कुठल्याशा कारखान्याच्या तळावर माय पहिल्यांदाच अर्धा कोयता म्हणून उतरली होती. तळावर राहायला कोपी, म्हणजे झोपडी, घालण्यासाठी मुकादम एका कोयत्याला एक ताडपत्री देई. लोक रांगेनं आले, घड्या उचलून गेले. शेवटी माय आणि छबुमावशी उरल्या, आणि एक ताडपत्री उरली. बंकट मुकादमानं ती जमिनीवर पसरली, मधोमध पाय रोवला आणि हातातल्या कोयत्यानं ती कापली. तो आवाज लांब होता. फाटणाऱ्या कापडाचा आवाज कोरडा असतो. हा ओलसर होता, जनावर सोलल्यासारखा. पिवळ्या रंगाचं अर्धं मायच्या हातात आलं. सगळी टोळी बघत होती, आणि मी मायच्या पाठीमागे तिच्या पदराचं टोक धरून उभा होतो. त्या क्षणी तिचा चेहरा मला दिसला नाही, पण तो कसा असेल हे मी ठरवून टाकलं, आणि पुढं तीस वर्षं तोच चेहरा पाहत आलो. नंतर त्या दोघींनी दोन तुकडे सुतळीनं जोडले आणि आम्ही एकाच कोपीत राहिलो. मी बरोबर शिवणीखाली निजत असे. पहाटे शिवणीतून दव गळे; एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी थेंब मोजत पडून राही आणि मनात म्हणे की एक दिवस मी सगळ्यांना पुरं देईन. अर्ध्याला पुरं, पुऱ्याला पुरं. एकाचं दुसऱ्याहून तसूभर कमी नाही.

“हे बघा,” साहेब सांगत होते, “मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण नियम वस्तूंकडे बघतो. बेचाळीस, सगळे एकसारखे. माणूस आपल्या माणसांसाठी काही नेतो तेव्हा त्यात फरक असतो. बहिणीला एक, भाच्याला दुसरं. रंग वेगळे असते, मापं वेगळी असती, तर कदाचित काउंटरवरच सोडलं असतं. इतकं सारखं फक्त विकणारा नेतो.”

मी ऐकून घेतलं. आमच्याकडे वेगळं दिलं असतं तर सात पिढ्या बोलणं खावं लागलं असतं. हिला फुलाचा, मला साधा. तिचा लिटरचा, माझा अर्ध्याचा. सारखेपणा हाच तिथं आपलेपणा असतो, हे वाक्य माझ्या मनात पुरतं जुळून आलं होतं, त्याला लयही होती. पण ते तोंडापर्यंत आलं नाही. आणि त्याच वेळी त्यांनी तो प्रश्न विचारला. यातला तुमच्या स्वतःच्या वापराचा कोणता? एखादा जरी असेल तर तेवढं सांगा. मी बेचाळिसांवरून मनातल्या मनात हात फिरवला. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. माझं कशावरच नव्हतं.

“ठीक आहे,” यादी बाजूला ठेवून साहेब म्हणाले. “मी मध्यम मार्ग काढतो. कुटुंबातला धार्मिक विधी लक्षात घेऊन निम्मे, म्हणजे एकवीस, भेटवस्तू म्हणून सोडता येतील. उरलेले एकवीस सरकारजमा. मान्य असेल तर तसं म्हणा. तुम्हाला यावं लागणार नाही. तुमच्या वतीनं कुणीही उद्या घेऊन जाईल.”

निम्मे. तो लांब, ओलसर आवाज पुन्हा आला. मुंबईतल्या त्या स्वच्छ खोलीत कुणीतरी जमिनीवर काही पसरलं आणि मधोमध पाय रोवला. मला राग आला नाही. राग यायला हवा होता तिथं एक सपाट, थंड, तुळतुळीत जागा होती आणि तिथूनच माझा आवाज निघाला.

“अर्धं नको.”

“म्हणजे?”

“सगळे द्या, नाही तर एकही नको. यातला एकही माझ्या वापराचा नाही.”

साहेबांनी चष्मा उतरवून हातात घेतला. “विचार करून बोला. नोंद होतेय.”

“विचार करूनच बोलतोय.”

त्यांनी मान हलवली, शेजारच्या टंकलेखकाला काहीतरी सांगितलं, नोंदीची प्रत मेलवर येईल, सही करून पाठवा, बदल असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा, असं म्हणाले आणि पडदा काळा झाला. काळ्या काचेत झेरॉक्सचं यंत्र, त्यामागचं दार, दारातलं ऊन आणि पुढ्यात माझं डोकं. काहीतरी जिंकल्यासारखं वाटावं म्हणून मी थोडा थांबलो. वाटलं नाही.

“काय म्हणला त्यो?” मावशीनं विचारलं.

“अर्धे देतो म्हणाला. मी नको म्हणालो.”

“कावून?”

हा प्रश्नही अवघड नव्हता. “तुमाला अर्धं देत आलेत मावशी जन्मभर,” मी म्हणालो. माझी भाषा तिच्यापाशी आपोआप खाली उतरते, आणि पुरती उतरतही नाही. “मायला त्या ताडपत्रीचं अर्धं दिलं, सगळ्या टोळीपुढं कापून. मी पाहिलंय. तिच्या नावानं वाटताना तरी अर्धं नको.”

मावशीच्या कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत गेलं आणि बाहेर आलं. मग ती हसू लागली, आणि पिशवीतली वांगी खाली सांडली.

“आरं येड्या! त्यो मुकादम कुठं कापत व्हता? त्यो म्हणला, दोघी मिळून एकच घ्या, एकीत ऱ्हावा. तुझी मायच आडून बसली. म्हणली, न्हाई, कापा. उद्या मव्हं अन् छबूचं भांडान झालं तर कुनी कुनाच्या दारात जायचं? ज्याचं त्याला आधीच करा.” ती वांगी वेचू लागली. “मुकादम लई तापला. चांगली ताडपत्री वाया चालली म्हणून. समदी टोळी दात काढाय लागली व्हती. तुला काय ध्यानात हाय?”

“मग शिवली कशाला?”

“सांज झाली, वारं सुटलं, तिच्या अर्ध्यात तू भिजशील अन् माझ्या अर्ध्यात मी. मंग तीच दाभन घिऊन आली. म्हणली, शिवू, भांडलो की उसवू.” मावशीनं शेवटचं वांगं पिशवीत टाकलं. “उसवायची येळच आली न्हाई. सात साल.”

धर्मराजच्या यंत्रानं घरघर करून एक कागद बाहेर टाकला. नोंदीची प्रत आली होती. त्यानं ती न वाचता माझ्यासमोर ठेवली आणि वर पेन ठेवलं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: सदर वस्तूंपैकी एकही माझ्या स्वतःच्या वापरासाठी नाही, असे मी सांगतो. खाली सहीची जागा. छापलेली अक्षरं सरळ, काळी, किंचित गरम होती. मी ती ओळ वाचली आणि मला मायचा चेहरा दिसेना. जो मी ठरवला होता तो गेला होता, आणि जो खरा होता तो मी पाहिलेलाच नव्हता. मी पाठीमागे उभा होतो. ती हसत असेल. कदाचित सगळ्यांत मोठ्यानं. हातात अर्धी ताडपत्री घेऊन, मुकादमाला चिडवत. तीस वर्षं मी शिवणीखाली पडून थेंब मोजले, आणि ज्या दुखण्यावर बेचाळीस थर्मास बांधून आणले ते तिला कधी झालंच नव्हतं. टोळीनं मागितले नव्हते. मायनं तर नाहीच. यातला तुमचा कोणता, असं त्या भल्या माणसानं विचारलं होतं. बेचाळीसही, साहेब. एकूण एक.

“आता काय, एकबी न्हाई का मिळायचा?” मावशीनं विचारलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती; बाजारात मेथी संपली का विचारावं तसं.

“संध्याकाळपर्यंत बदल करता येतो.”

“मंग आन की एकवीस. दोन कोयत्यात एक ठिवू. फडात शेजारीशेजारीच असतोत. ईस जोड्या झाल्या.” ती बोटांवर मोजत होती, मी नऊ वर्षं पगार घेऊन जे केलं तेच, बोटांवर. “ऱ्हायले मी. माझ्या जोडीला रुक्मी हायच.”

मी पेन उचललं. चौथी ओळ खोडली; खोडताना रेघ सरळ यावी म्हणून धर्मराजची पट्टी घेतली. शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं की एकवीस नग स्वीकारण्यास मी तयार आहे. आणखी काही लिहावंसं वाटलं. शब्द होते, चांगले होते, पण जागा नव्हती. सही केली. “आत्ता कसं माणसावानी केलं बे,” म्हणत धर्मराजनं कागद यंत्राच्या काचेवर पालथा घातला. झाकणाच्या फटीतून हिरवा उजेड सरकत गेला आणि कागद मुंबईला गेला.

बाहेर स्टँडसमोरच्या टपरीवर मावशीनं एकच चहा सांगितला आणि एक रिकामा ग्लास मागून घेतला. मी दोन सांगू लागलो तर तिनं हात दाबला. तिनं चहा उभ्या उभ्या ओतला, एसटीकडे बघत. किती ओतला ते पाहिलंच नाही. मी पाहिलं. माझ्याकडे दोन बोटं जास्त आला होता. मी ग्लास उचलला, आणि तो धरून बराच वेळ उभा राहिलो. बाजाराचा गलका होता, कुणीतरी कोंबड्या पाय बांधून नेत होतं, बीडची गाडी वळत होती. मग बोटांना काहीतरी लागलं. आधी ते लांबून कुणी हाक मारावी तसं होतं. मग जवळ आलं. मग मला ग्लास या हातातून त्या हातात घ्यावा लागला.

“गरम आहे,” मी म्हणालो.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

“चहा हाय बाबा,” ती म्हणाली. “फुकून पी.”